अनसूमावशीने न शिवलेली कुंची

अनसूमावशी गेली त्या सकाळी तिच्या दाराला आतून कडी होती. दापोडीला रेल्वेलायनीच्या कडेला आमची बैठी चाळ आहे. मधे अंगण आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या. मावशीची खोली आमच्या अगदी समोर. रोज सकाळी मी दूध तापत ठेवलं की समोरून खोकल्याची पहिली ढास ऐकू यायची आणि मला कळायचं, मावशी जागी झाली. त्या दिवशी दूध उतू गेलं तरी समोर सामसूम. मी हाका मारल्या, दार वाजवलं. माझे यजमान बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. पहिल्या शिफ्टला निघालेले ते डबा तसाच ओट्यावर ठेवून आले आणि पहार घालून त्यांनी कडी उचकटली. मावशी भिंतीकडे तोंड करून निजली होती. पांघरूण नीट, पाय झाकलेले. यजमानांनी आत पाऊल टाकलं मात्र, मी ओरडले, “थांबा, आधी तोंडाला फडकं बांधा!” ...आणि मग माझी मीच खाली बसले. वर्षभर जे मी कुणाजवळ बोलले नव्हते, नवऱ्याजवळसुद्धा नाही, ते ती गेल्यावर पहिल्या मिनिटाला माझ्याच तोंडून सगळ्या चाळीला कळलं.

तिला जाऊन आता दीड महिना होईल. हे लिहू का, असं मी तिच्या मुलीला, शालनला विचारलं होतं. “लिवा. आता लपवायचं तरी कुनासाठी?” असं ती म्हणाली, म्हणून लिहिते आहे.

मावशी मूळची मावळातली. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो लवकर वारला. मागे राहिली एकटी शालन आणि हाताने फिरवायचं एक शिवणयंत्र. त्या यंत्रावर मावशीने मुलीला वाढवलं, तिचं लग्न लावलं. आमच्या आणि शेजारच्या चाळीत जन्मलेल्या निम्म्याअधिक पोरांच्या अंगावरचं पहिलं झबलं तिच्या हातचं असायचं. दुपारी घरातली कामं उरकली की आम्ही पाच-सहाजणी तिच्याकडे शिवण शिकायला बसत असू. यंत्राला हात लावायची परवानगी नव्हती, सगळं हातशिलाईचं. तिचा क्रम ठरलेला. आधी दुपटं, कारण त्याला नुसत्या चार कडा दुमडून धावदोरा घालायचा असतो. मग लंगोट. मग झबलं. ते न जमणारीला कुंची नाही, आणि कुंची जमली की पाळण्यावर टांगायचं चिमणाळं, म्हणजे कापडाच्या चिमण्या शिवून, कापूस भरून, दोऱ्यांत ओवायच्या. दिवाळीच्या आधी महिनाभर तोरणं चालायची. हिरव्या चिंध्यांतून आंब्याच्या पानांचे जोडतुकडे कापायचे, सुलटीला सुलट लावून शिवायचे आणि उलटवायचे. बाकीच्यांच्या दारावर पानं लटकायची, माझ्या दारावर वांगी. लग्न होऊन आले तेव्हा मला साधं बटणही लावता येत नव्हतं आणि दोन वर्षांनी माझी मजल दुपट्यापुढे गेली नव्हती. माझं काम हातात घेऊन मावशी ते उजेडाकडे धरायची, सर्रकन उसवायची आणि परत माझ्या मांडीवर टाकायची.

गेल्या वर्षीच्या संक्रांतीनंतर तिने शिकवणं बंद केलं. डोळे अधू झाले म्हणाली. खोकल्याला दमा म्हणाली. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं, कारण आमच्याकडे निम्मी चाळ खोकते. एका दुपारी मी तिचं भांडं परत करायला गेले. दार लोटलेलं होतं. ती मोरीत बसून फडकं धूत होती आणि मोरीतलं पाणी लाल होतं. तिने मान वळवली, मला पाहिलं, आणि पहिला शब्द काढला तो हा, “उंबऱ्याच्या आत येऊ नगंस.”

खडकीला जाऊन तिने छातीचा फोटो काढून घेतला होता. दोन्ही बाजूंना डाग. डॉक्टरांनी क्षयाच्या दवाखान्यात दाखल व्हायला सांगितलं होतं.

“मग जा ना मावशी. लोक बरे होऊन येतात आता,” मी म्हटलं.

“तितं नाव लिवत्यात. चाकनला कळाया किती येळ लागंल?” ती म्हणाली. शालन चाकणला दिलेली. सासऱ्यांची कांद्याच्या बाजारात आडत. “क्षयाच्या घरातली पोर म्हनून परत धाडतील तिला. तुझ्या तोंडात एवढी गोष्ट ऱ्हाईल का, सुमन?”

मी हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं होतं, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे. ती खडकीला जाऊन इंजेक्शनं घेई. “जनमभर म्या कापडाला सुई टोचली, आता मला टोचत्यात,” म्हणे. पण पायी जायचं अंतर, त्यात ताप. दोन दिवस जायची, चार दिवस चुकायचे. आमच्यापासून चार कोसांच्या आत, पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहिला होता. मी एकदा डॉक्टरांना आशेने विचारलं, तर ते म्हणाले, तिथलं औषध या रोगाला लागू पडत नाही.

आणि चैत्रात चाकणहून पत्र आलं. शालनला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, माहेरी कधी न्यायला येता, असं तिच्या सासऱ्यांनी विचारलं होतं. मावशीला लिहिता येत नव्हतं. ती तिच्या दारात बसून सांगत गेली आणि मी माझ्या दारात पाट मांडून उत्तर लिहिलं. ‘माझी नजर गेली आहे, जागाही अपुरी पडते, तरी बाळंतपण तिकडेच करावे.’ एवढंच. मी म्हटलं, काही तरी मायेचं घालू का? ती म्हणाली, “नगं. माया दिसली तर ती निघून येईल.” ते पत्र माझ्या अक्षरात आहे. शालनने ते अजून ठेवलं आहे.

पत्र टाकलं त्याच दुपारी मावशीने मला हाक मारली. “माझ्या नातवंडाचं समदं तू शिवायचं. म्या सांगंन तसं. माझा हात कापडाला लागायचा न्हाई.”

मी हादरले. चाळीत माझ्यापेक्षा चांगलं शिवणाऱ्या चौघीजणी होत्या. पण त्यांना कारण सांगावं लागलं असतं. तेव्हा उरले मीच. यजमानांचं जुनं मऊ धोतर उकळून वाळवलं आणि दुपटी, लंगोट, झबली त्यातून काढली. कुंचीसाठी माझ्याच चोळीचा कोरा लाल खण घेतला. रोज जेवणं झाली की ती तिच्या उंबऱ्याच्या आत आणि मी माझ्या ओट्यावर, मधे अंगण. इतर बायकांना वाटे, सुमनने आता शिकायचा नेटच धरला आहे. मी कापड ताणून वर धरायची, ती डोळे बारीक करून लांबून बघायची. तिची नजर गेली नव्हतीच, घारीची नजर होती. चार टाके इकडेतिकडे झाले की बसल्या जागेवरून तिला दिसत. “उसव.” मी उसवायची. “पुन्यांदा उसव.” बोलता बोलता ढास लागली की ती आत तोंड फिरवायची आणि मी सुई धरून थांबायची. कधी कधी शिकवता शिकवता ती शालनच्या लहानपणाचं सांगत बसे. कशी रांगत यंत्राखाली जायची, कसं एकदा तिने लुगड्याचा नवा पदर कातरून बाहुलीला दुपटं केलं... मग मधेच तोडून म्हणायची, “हां, गळ्याला उलटी टीप घाल.”

गळ्याच्या त्या टिपेपाशी माझं घोडं अडलं. सहा वेळा उसवली. खणाला भोकं दिसू लागली. सातव्या वेळी मी कापड खाली टाकलं आणि रडू लागले. मावशी उठली. दोन पावलं पुढे आली, उंबरा ओलांडला, हात पुढे केला... आणि अंगणाच्या मधोमध थांबली. हात तसाच हवेत. मग तो पदराखाली घेऊन ती मागे फिरली. त्या दिवशी ती पुन्हा बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी मी टीप घातली. वाकडीच होती. “असू दे. आता उसवू नगं,” एवढंच ती म्हणाली.

ज्येष्ठात शालनला मुलगा झाला. बारशाला मी एकटी बसने चाकणला गेले. सासरच्या बायका बघत असताना शालनने गाठोडं सोडलं. दुपटी बाजूला ठेवली, कुंची उचलली, उलटी केली आणि गळ्याची टीप बोटाने चाचपली. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “वहिनी, ही आईची टीप न्हाई.”

“डोळे अधू झालेत गं तिचे.”

“डोळं गेलं तरी तिचा हात असा वाकडा जायचा न्हाई. दुसऱ्या कुनाकडनं उरकून घेतलंय तिनं. मला न्यायला जमलं न्हाई, आन् माज्या लेकराला एक कुंची शिवाया बी जमलं न्हाई.”

चार माणसांत शोभा नको म्हणून तिने ती मुलाला घातली. परत आल्यावर मावशी दारातच बसलेली. “घातली का?” “घातली.” “टाळू झाकली नीट?” “झाकली.” “काय म्हनाली?” मी म्हटलं, “छान झालीय म्हणाली.” मावशी हसली. “खोटं बोलतीस. टीप वळखायला म्याच शिकवलंय तिला.”

दिवाळीला शालन न कळवता आली. पाडव्याची दुपार होती. चाळीला शंका येऊ नये म्हणून मावशीच्या दारावर मी शिवलेलं तोरण लावलं होतं. शालन मुलाला कडेवर घेऊन अंगणात शिरली तशी आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी करंज्यांचं पीठ मळत होते, तशीच ओट्यावर येऊन उभी राहिले.

“आई, दार उघड.”

“मला बरं न्हाई. सुमनकडं बस.”

“बाळ आनलंय. बघ तरी त्याला.”

दार आतून किंचित करकरलं. मग आतून आवाज, “बघितलं.”

शालनचा तोल गेला. “असं बघत्यात? म्या याला हितंच ठेवून जाते, मग उघडशील!” आणि तिने खरोखरच मुलाला उंबऱ्यावर ठेवलं. त्यासरशी मावशी आतून किंचाळली, “उचल त्याला! उचल म्हन्ते ना! घेऊन जा!” कुत्र्याला हाकलतात तसा तो आवाज. मूल दचकून रडायला लागलं. शालनने त्याला उचललं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती चालू लागली. मी एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. पिठाचे हात घेऊन मी उभी राहिले.

आठ दिवस मावशी दारात बसायला आली नाही. नवव्या दिवशी दारात बसली आणि म्हणाली, “कान त्याच्या आज्याच्या वळनावर गेल्यात.” दाराच्या फटीतून तिने तेवढं पाहून घेतलं होतं. त्यानंतर तिने इंजेक्शनाला जाणं सोडलं. मी खूप सांगितलं, भांडलेसुद्धा. माघात ती गेली.

शालनला मी सांगायच्या आधीच नळावर बायकांनी सांगितलं. बाराव्याच्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली. डोळे कोरडे.

“तुमाला ठावं होतं?”

“होतं.”

“पत्र बी तुमीच लिवलं. कुंची बी तुमचीच.”

मी मान हलवली. तिने वचन घेतलं होतं, तुझ्या संसारासाठी घेतलं होतं, असं काहीबाही मी बोलू लागले. शालनने मला थांबवलं. “म्या लांबनं बघितलं असतं तिला. अंगनातनं. तुमी रोज बसत हुता तितनं. एवढंच पायजे हुतं मला.” ती निघून गेली.

चाकणला जाऊन तिने सासूला स्वतःच सगळं सांगितलं. सासू दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सुनेला आणि नातवाला घेऊन दवाखान्यात गेली, दोघांना तपासून घेतलं, काही निघालं नाही, आणि घरी येऊन भाकऱ्या थापायला बसली. कुणी कुणाला परत धाडलं नाही. ज्या भीतीपायी मावशीने वर्षभर दाराला कडी घातली ती भीती तीन दिवसांत संपली. हे मला शालननेच सांगितलं.

ते सांगायलाच गेल्या रविवारी ती आली होती. मुलाला सासूजवळ ठेवून, एकटी. चहा नको म्हणाली. माझ्या खोलीत खाली बसली.

“तुमच्यावरचा राग गेला न्हाई, वहिनी. जाईल असं बी वाटत न्हाई. पर ती दोन म्हयने रोज तुमच्यासंगं बोलली. माज्यासंगं न्हाई. ते तिचं बोलनं मला पायजे. पयल्यापासनं सांगा. तुमच्या शब्दांत नगं, तिच्याच.”

“रागावलेलंसुद्धा?” मी विचारलं.

“ते आदी.”

मी डोळे मिटले. मावशीची बोली माझ्या जिभेवर नीट बसत नव्हती, लाज वाटत होती. तरी सुरुवात केली, “अगं, सुई धरलीस का विंचू? मोकळी धर तिला, चावत न्हाई ती...”

शालनने भिंतीला डोकं टेकलं. “पुढं?” ती म्हणाली.