दहा वाजताचं नाव

सांगायला लाज वाटते, कारण असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची सगळ्यात जास्त टर मीच उडवायचे. अमरावतीला प्रोग्रामिंग शिकवते मी. कॉम्प्युटर सांगितलं तेवढंच करतो, हे वर्गातलं माझं ठरलेलं वाक्य... आता ते म्हणताना अडखळायला होतं.

बाबांचं, म्हणजे नारायण इंगोल्यांचं, डायलिसिस अकोल्याला जुन्या शहरातल्या एका लहानशा सेंटरमध्ये व्हायचं. मंगळवार-शुक्रवार, सकाळी दहा. नंबरावरून तिथे रोज भांडणं, म्हणून मीच टोकनचा प्रोग्राम करून दिला. पाळी आली की स्पीकर नाव पुकारायचा. बाबांचा आवाज पार खोल गेलेला, त्यामुळे ओ आईच द्यायची - "हाव, आलो." दोन वर्षं हेच.

मार्चमध्ये बाबा गेले. तेरवी झाल्यावर त्यांची नोंद मी स्वतःच्या हातानं काढून टाकली. पुढच्याच मंगळवारी सिस्टरचा फोन... मॅडम, स्पीकर तुमच्या बाबांचं नाव पुकारून राह्यला.

मला वाटलं, मेमरी लीक. सोपं करून सांगते. प्रोग्राम चालताना प्रत्येक पेशंटची माहिती मेमरीत जागा अडवते. प्रोग्रामचा एखादा भाग तिला धरून आहे तोवर ती राहते. कोणीच धरलेलं नसलं की गार्बेज कलेक्टर ती उचलतो, पंगतीतून माणूस उठला की पत्रावळ उचलतात तशी. म्हणजे कोडमध्ये मीच कुठेतरी बाबांना धरून ठेवलं असणार. अकोल्याला जाऊन मेमरी उघडली. नोंद होती. तिला धरणारं कोणीच नव्हतं. कलेक्टर मुद्दाम चालवला, तरी नोंद तिथेच. शेवटी कॉम्प्युटरच बंद करून पुन्हा सुरू केला. बंद केल्यावर मेमरीत काही उरत नाही, हे मी पोरांना पहिल्याच दिवशी शिकवते. शुक्रवारी दहाला स्पीकर म्हणाला, नारायण इंगोले.

आईला कळू द्यायचं नव्हतं. बाबा गेल्यापासून ती रडलीच नव्हती. त्यांना पाणी मोजून असायचं, ती मापाची बाटली आई अजून रोज भरून ठेवायची. टोकलं की म्हणायची, असू दे. पण जुनं शहर ते, आईचं घरही तिथलंच, गोष्ट घरी पोचलीच. मंगळवारी ती चपला घालून दारात उभी. "मले घेऊन चाल."

नेहमीच्या बाकावर बसली. दहाला नाव आलं. पुन्हा नाव आलं. मग ती उठली. आमच्याकडे तिच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"नारायणराव वारले," ती स्पीकरकडे पाहून म्हणाली. "आता बलाऊ नका त्यायले."

आणि सगळ्या लोकांसमोर, मटकन खाली बसून, रडली.

तासाभरानं मी मेमरी पाहिली. नोंद नव्हती. कोडमधलं एक अक्षर मी बदललं नव्हतं. माझ्याहून हुशार लोकांना दाखवलं, कोणाला काही सांगता आलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गेले. आईला सांगितलं, खात्री करायला चालले. खोटं होतं ते. नाव यावं म्हणून कान लावून उभी होते मी. दहाला दुसऱ्याच कोणाचं नाव आलं, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आत गेले. बाबा गेले हे मला तेव्हा पटलं.