शमीमच्या भिंती

फोन आला तेव्हा मी साताऱ्यात एका स्लॅबवर उभी होते. काँक्रीट ओतणं चालू होतं, मिक्सरच्या आवाजात नीट ऐकू येईना. कुंडलहून शमीमचा धाकटा भाऊ बोलत होता. "वंदनाताई, आपा गेली... चहा पिता पिता छातीत कळ आली." स्लॅब अर्धा असताना साइट सोडायची नाही, हा आम्हा दोघींचा नियम. त्या दिवशी मी तो मोडला. तिचा चेहरा तेवढा बघायला मिळाला.

सांगलीत इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर होतो आणि पुढे एकाच ऑफिसात. मी सावध, ती सतत काहीतरी नवं करून बघायला निघालेली. पाटणच्या वरच्या अंगाला एका वाडीत आरोग्य उपकेंद्र बांधायचं काम आमच्याकडे आलं. आधीच्या कंत्राटदाराने ते पायापर्यंत आणून सोडून दिलेलं. तिथं पाऊस लांबतो, रस्ता खचतो, बांधकामाला कोरडे महिने थोडेच मिळतात. वाडीतल्या अडलेल्या बाईला जीपमधून घाट उतरावा लागे, आणि वाडीतल्याच म्हाताऱ्या नानांची सून त्या वाटेवरच दगावली होती. शमीमने ते ऐकलं आणि म्हणाली, "भिंती आपण आमच्या कुंडलच्या शेडमध्ये ओतू. बाहेर पाऊस असला तरी काम थांबायचं नाही. उघडीप मिळाली की वर नेऊन नुसत्या जोडायच्या."

नानांना ते पटेना. "आवं बाई, तयार भिंती कुटं असत्यात व्हय? वाऱ्यानं जातील की उडून!"

"उडाल्या तर नाना, मी तुमच्याच घरी ऱ्हायला येते," ती हसत म्हणाली.

भिंती उडाल्या नाहीत, पण वरपर्यंत पोचल्याही नाहीत. पहिलाच ट्रक घाटातल्या वळणावर अडला. लांब भिंती घेऊन तो काही केल्या वळेना. सगळा माल परत कुंडलला आला. सरकारी कार्यालयातून फोन आला की जमत नसेल तर काम काढून घेऊ. मी म्हणाले, "शमे, सोड आता. विटा नेऊ आणि चार लोकांसारखं बांधू." ती कितीतरी वेळ शेडमध्ये त्या भिंतींकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "वंदे, भिंत चांगली हाय गं. रस्ता लहान हाय. मग भिंत लहान करू..."

सगळे साचे पुन्हा केले, ट्रॉलीत मावतील एवढे. सांधे वाढले, म्हणजे गळतीच्या जागा वाढल्या. ती भीती मला होती, तिलाही असणारच, पण तिने बोलून दाखवली नाही. ट्रॉली ओढायला नाना स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आले. "बगू तर खरं," एवढंच म्हणाले. पावसाळ्याआधी छप्पर चढलं, मुदतीच्याही आधी. तिथं पहिलं बाळ जन्मलं तेव्हा नानांनी पेढे घेऊन थेट आमचं सांगलीचं ऑफिस गाठलं. अख्खा पुडा त्यांनी शमीमच्या हातात ठेवला.

गेल्या आठवड्यात मी एकटीच वर गेले. पाऊस धो धो कोसळत होता. नर्सबाईंनी दार उघडलं आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "आपा गाडीतच हाईत का?"

मी सांगितलं. त्यांनी मला आत घेऊन बाकावर बसवलं. मग हळूहळू बोलू लागल्या. दर वर्षी भर पावसात, न कळवता, आपा यायच्या म्हणे. एकेका खोलीत जाऊन भिंतीवरून तळहात फिरवायच्या, ओल कुठं लागते का बघायच्या आणि चहा न घेताच निघायच्या... इतकी वर्षं समोरासमोर बसून मला हे ठाऊक नव्हतं.

आतल्या खोलीत एक बाळंतीण झोपली होती, कुशीत बाळ. मी हलकेच शेजारच्या भिंतीवर हात ठेवला. बाहेर डोंगर वाहत होता आणि भिंत कोरडी होती. नर्सबाई चहाला हाक मारत होत्या, पण हात काढवेना.