शेजारच्या बाईंच्या झाडाचे तुरे

नॉटिंगहॅमला आमच्या शेजारी एक बाई राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि हातपाय आखडण्याचं जुनं दुखणं. कळ आली की बोटं मिटतात ती उघडतच नाहीत. जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, गोळ्यांनी नुसती गुंगी यायची, कळ काही जायची नाही. म्हणून त्यांनी मागच्या काचेच्या खोलीत, कॉन्झर्वेटरीत, टोमॅटोंच्या आड, गांजाचं एक झाड लावलं होतं. हिवाळ्यापुरतं. इथे ते बेकायदा आहे हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. मी वर्क व्हिसावर; पहिल्यांदा वास आला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. पण चहाचा मग दोन्ही तळव्यांत दाबून उचलताना त्यांना पाहिलं आणि मी तोंड मिटलं. माझ्यासारख्या फटकळ बाईला ते सोपं नव्हतं.

उन्हाळा संपता संपता त्यांना काही दिवस हॉस्पिटलात राहावं लागणार होतं. किल्ली देताना त्यांनी मला झाडापुढे उभं केलं आणि शाळेतल्यासारखं समजावलं. हे ऑटो जातीचं आहे. साधं झाड दिवस लहान झाले की फुलतं, हे आपल्या वयाने फुलतं, कोणासाठी थांबत नाही. साध्याचा शेंडा वाढीच्या दिवसांत खुडला तर ते सावरतं, नव्या फांद्या काढतं. याला सावरायला वेळच नसतो. फुलं धरली की कात्री लांब ठेवायची. पिवळं पान बोट लावताच सुटलं तर काढायचं, बास. खतसुद्धा बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मंच, आणि माती वरून सुकल्यावर. हिवाळ्यात हात चालायचे तर याच्या तुऱ्यांच्याच जोरावर, असं त्या म्हणाल्या. मी मान डोलावली.

त्याच आठवड्यात ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आलं, मला फुरसत उरली नाही. नागपूरहून आई आली होती, सहा महिन्यांसाठी. तिला म्हटलं, "शेजारच्या टोमॅटोंना आणि मागच्या त्या झाडाला पाणी घाल. बाकी कशाला हात लावू नकोस." झाड कसलं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलवर सगळ्या मावश्यांना कळलं असतं.

आता आमच्या आईला 'हात लावू नकोस' सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. जन्मभर तिने तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या. मंजिऱ्या राहू दिल्या की तुळस वाळते, खुडल्या की पानांनी भरते, हे तिचं शास्त्र. आणि कढीपत्ता रुसला की त्याला आंबट ताक. या झाडावर तिने दोन्ही केलं. मग मला हाताला धरून दाखवायला नेलं.

"बघ, कशी मोकळी केली. सगळी ताकद तुऱ्यांत चालली होती गं बिचारीची."

एकेक फांदी बोडकी. खुडलेले तुरे सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेले होते. मी ओरडणारच होते. पण आई स्वेटरला हात पुसत उभी होती, इतकी खूश, की बस. या देशात आल्यापासून कोणाला तिची गरजच पडली नव्हती. मी म्हटलं, "छान केलंस."

बाई परत आल्या. दारातच मी त्यांना सांगितलं. त्या आत गेल्या, रिकाम्या फांद्यांवरून तळवा फिरवला. पुन्हा धरेल का, मी विचारलं. नाही, त्या म्हणाल्या, आता पुढच्या उन्हाळ्यात नवं लावायचं. मागे आई उभी होती. तिच्याकडे पाहून त्या मला म्हणाल्या, "तिला थँक्यू सांग. नीटनेटकं दिसतंय. आणि काय होतं ते सांगू नकोस."

मी तेवढंच मराठीत सांगितलं. आईने आम्हा दोघींच्या तोंडांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी तिळाच्या तेलाची कोमट वाटी घेऊन शेजारी जाऊ लागली. भाषा नाही, काही नाही. एकेक बोट धरायची, चोळायची, हळूहळू उघडायची. तेलाने कळ जात नाही, उगीच कशाला खोटं बोलू? थंडी वाढली तशी बाईंचा चेहरा उतरत गेला. तासभर बोटं सैल व्हायची, इतकंच.

नागपूरला परत जायच्या आदल्या दिवशी आईने त्यांच्यापुढे बसून, पाठ केलेलं म्हटलं, "प्लँट, मेडिसिन. आय कट. सॉरी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

"तिला सांग, ते शोभेचं होतं," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. आई म्हणाली, "शोभेच्या झाडापायी कोणी असं मयताला आल्यासारखं उभं राहतं का? या बोटांचं औषध होतं ते, मला त्याच दिवशी कळलं."

काय म्हणते, बाईंनी विचारलं.

"म्हणते, तेल रोज लावा."

त्या हसल्या. आपली वाकडी बोटं वर धरून म्हणाल्या, "कोण लावणार?"

याचा अर्थ आईने मला विचारला नाही. तिने तेलाची वाटी उचलली आणि माझ्या हातात दिली.