टिपऱ्या आणि ठेचा

एदोगावातल्या आमच्या वस्तीत आगीसाठी जी स्वयंसेवकांची तुकडी आहे, तिच्यात माझी भरती हिरव्या मिरच्यांमुळे झाली. हे लपवायची सोय नाही, कारण ती सकाळ अख्ख्या गल्लीच्या लक्षात आहे.

नवऱ्याच्या बँकेने त्याला इकडे जपानात पाठवलं, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. ऑक्टोबरचे दिवस होते. शेजारणीने बाल्कनीत गाद्या वाळत टाकल्या होत्या. ठेच्याचा वास तिच्या गाद्यांना लागू नये म्हणून मी मोठ्या समजूतदारपणे सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, वर पंखाही बंद ठेवला, आणि तव्यावर मिरच्या नि लसूण भाजायला घेतला. पाच मिनिटांत इमारतीची आगीची घंटा ठणाणा वाजायला लागली.

दार उघडलं तर समोर कोपऱ्यावरचे न्हावी. डोक्यावर हेल्मेट, हातात आग विझवायचं लाल नळकांडं, पांढऱ्या डगल्याच्या खिशात कंगवा. त्यांच्यामागे त्यांचं गिऱ्हाईक, गळ्याला कापड बांधलेलं आणि अर्धी दाढी झालेलं. तेही तुकडीतलेच निघाले. दोघं आत आले, ठसका लागून बाहेर पळाले, नाकाला रुमाल लावून पुन्हा आत आले. मी खिडक्या उघडून, पाणावल्या डोळ्यांनी तव्याकडे बोट दाखवलं. न्हाव्यांनी तवा नीट पाहिला, खिशातून फोन काढला आणि मोठ्या बंबाला परत जायला सांगितलं. माझ्या मोडक्या जपानीतही तेवढं कळलं.

"आग नाही," ते म्हणाले. "स्वयंपाक आहे."

इथे नुसतं सॉरी म्हणून भागत नाही. मिठाईचे खोके घेऊन इमारतीतल्या प्रत्येक दारासमोर जाऊन वाकावं लागतं. माझं वय पन्नास, कंबर त्याहून म्हातारी. बाराव्या दारापर्यंत माझा पश्चात्ताप संपला होता आणि राग सुरू झाला होता. त्यामुळे न्हाव्यांच्या दुकानात गेले ती खोक्याबरोबर ठेच्याची बाटलीही घेऊन. ज्याच्यापायी एवढा तमाशा झाला, ते चाखून तरी बघा, असं मनात होतं. त्यांनी दुपारच्या भाताबरोबर चमचाभर ठेचा खाल्ला. कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या. मग त्यांनी अजून चमचाभर घेतला आणि विचारलं, तुम्ही आमच्या तुकडीत येता का? मला वाटलं, मिरची डोक्यात गेली.

तसं नव्हतं. न्हावी त्या तुकडीचे प्रमुख. सगळे त्यांना हान्चो-सान म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागले. दुकानाला लागून एक पत्र्याची खोली होती, तिच्यात चाकांवरचा पंप, पाण्याचे पाइप आणि वाळूची पोती. भिंतीवर एक लांब लाकडी आकडा टांगलेला होता. हान्चो-सानच्या आजोबांच्या काळी पाणी पुरायचं नाही, म्हणून आगीच्या पुढ्यातलं घरच आकड्याने ओढून पाडायचे. त्यामुळे तुकडीत सुतार आणि घरं शाकारणारे जास्त, कारण जो बांधतो त्यालाच नीट पाडता येतं. आता आगी कमी झाल्या. पण ही सगळी वस्ती नदीपेक्षा खाली आहे. वादळ आलं की बांधावर वाळूची पोती रचायला हीच माणसं जातात, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर हीच पोचवतात.

आणि माणसं उरली होती चार. मार्चमध्ये वयाची अट गाठून हान्चो-सान निवृत्त होणार, म्हणजे तीन. मार्चअखेर संख्या पाचाच्या खाली असली तर तुकडी रेल्वेरुळांपलीकडच्या तुकडीत मिसळून टाकायची आणि पंपही तिकडे न्यायचा, असं वरून ठरलं होतं. रुळांखालचा रस्ता मात्र पावसात सगळ्यात आधी भरतो. पंप पलीकडे गेला की ऐन वेळी तो पलीकडेच राहणार. हान्चो-सानना रात्री झोप लागत नव्हती ती ह्याच्यामुळे. मार्चपर्यंत त्यांना दोन माणसं हवी होती.

परदेशी बाईला घेता येईल का हे विचारायला ते कचेरीत तीनदा जाऊन आले. उत्तर आलं, घ्या, पण तिला कोणावर हुकूम चालवता येणार नाही. ते वाचून नवरा एवढा हसला की मी त्याला दोन दिवस ठेचा वाढला नाही.

दुसरं माणूस शोधायचं काम आपसूक माझ्यावर आलं. आमच्या आसपास पुण्या-मुंबईचे आयटीवाले खंडीभर. एकेकाला गाठलं. सगळ्यांना कल्पना आवडली आणि सगळ्यांची त्या आठवड्यात डेडलाइन होती. तेव्हा मला आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा आठवला. मुलगा म्हणजे पस्तिशीचा इंजिनियर, पण मला काकू म्हणतो म्हणून मुलगा. तो पुण्यात ढोलपथकात होता. पुणेकराला आगीशी लढायला बोलवा, तो कॅलेंडर बघेल. वाजवायला बोलवा, तो चप्पल न घालता येईल. मी त्याला सांगितलं, वर्षअखेरीस संध्याकाळी गल्लीतून फेरी निघते, काहीतरी वाजवायचं असतं.

"काकू, काय वाजवायचंय?" एवढंच त्याने विचारलं.

वाजवायच्या होत्या टिपऱ्या. दोरीने जोडलेले दोन जाड लाकडी ठोकळे. 'हि नो योजिन', म्हणजे विस्तवापासून जपा, असं सगळ्यांनी ओरडायचं, दोन ठोके द्यायचे, थांबायचं, आणि वीस पावलं पुढे जाऊन पुन्हा तेच. कार्यक्रम एवढाच. फॉर्मवर सही करण्याबद्दल तो म्हणाला, काकू, वाजवायला येईन, सहीचं बघू. मी हान्चो-सानना सांगितलं, बघतो म्हणालाय. ते कसनुसे हसले. इथेही बघतो म्हणजे नाहीच असतं.

पहिल्या दोन संध्याकाळी तो शहाण्यासारखा वागला. तिसऱ्या दिवशी त्याचे हात शिवशिवायला लागले. दोन ठोक्यांनंतरची ती मोकळी जागा त्याला बघवेना. त्याने तिथे हळूच ताशाची सलग कडकडणारी तर्री भरली. लाकडावरसुद्धा काय वाजली म्हणता! खिडक्या उघडल्या, पोरं नाचायला लागली, एका बाईने फोनवर व्हिडिओ घेतला. मला तर भरून आलं. वर्षभरात प्रथमच ही गल्ली मला आपली वाटली, आणि मीही ठेका धरला.

पन्नासेक पावलं आम्ही असे वाजवत गेलो. मग हान्चो-सान मागून भराभर आले आणि त्यांनी त्याच्या हातातून टिपऱ्या काढून घेतल्या. ते रागावले नव्हते. हळू, सोप्या शब्दांत बोलले, मला समजावं म्हणून.

"वाजवायचं ते लोकांनी ऐकावं म्हणून. थांबायचं ते आपण ऐकावं म्हणून." मग त्यांनी विचारलं, "वळणावरच्या आजींचा आवाज आला का?"

वळणावर एका जुन्या लाकडी घरात एक आजी एकट्या राहायच्या. फेरी गेली की त्या खिडकीआडून 'गोकुरोसामा' म्हणायच्या, दमलात हो, अशा अर्थाने. आधीच्या दोन्ही संध्याकाळी मी ते ऐकलं होतं आणि नुसतं गोड मानलं होतं. त्या दिवशी तो आवाज आला की नाही, आम्हा कोणालाच सांगता येईना.

आम्ही मागे वळलो. हान्चो-साननी दोन ठोके दिले आणि आम्ही उभे राहिलो. खिडकीत दिवा होता, पण उत्तर नव्हतं. पुन्हा दोन ठोके दिले. मग ते धावत दाराशी गेले, कुंडीखालची किल्ली काढली आणि आम्ही आत शिरलो. आजी स्वयंपाकघरात जमिनीवर पडल्या होत्या, पाय मुरगळून अंगाखाली गेलेला. जुन्या शेगडीवरची किटली पाणी आटून लाल व्हायला आली होती आणि तिच्याशेजारी पुसायचं फडकं करपत होतं. हान्चो-साननी गॅस बंद केला. आजी शुद्धीवर होत्या. त्या उलट आमचीच माफी मागत होत्या. म्हणाल्या, तुम्ही जाताना मी दोनदा हाक मारली, पण आज फार छान वाजत होतं.

अँब्युलन्स येईपर्यंत तो मुलगा त्यांचा हात धरून बसला होता. घरी परतताना मला स्वतःची लाज वाटत होती. सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो हान्चो-सानच्या दाराशी उभा होता, फॉर्म भरून.

आजींचं हाड मोडलं नव्हतं, महिन्याभरात त्या काठी टेकत हिंडू लागल्या. मार्चमध्ये हान्चो-सान निवृत्त झाले, आम्ही पाच उरलो, आणि पंप अलीकडेच राहिला.

पुढच्या डिसेंबरात पहिली फेरी निघाली तेव्हा टिपऱ्या त्याच्याच हातात होत्या. दोन ठोके देऊन तो असा थांबायचा की श्वासही घेत नसावा. वळणावर आजींनी उत्तर दिलं. पुढे हान्चो-सानचं दुकान आलं. दिवा चालू होता. दोन ठोके दिले, थांबलो. काही नाही. पुन्हा दिले, पुन्हा थांबलो. मी धावत जाऊन दार ढकललं.

हान्चो-सान गिऱ्हाइकाच्या खुर्चीत आरामात बसले होते. हातात घड्याळ होतं.

"दुसऱ्यांदा ठोके देईपर्यंत वाट पाहिलीत," ते म्हणाले. "पहिल्या वेळेलाच यायला हवं होतं."

माझा तोल गेला. मी मराठीतच सुरू झाले. वय काय, चाळे काय, जीव गेला असता माझा, आणि पुन्हा असलं काही केलंत तर ठेच्याचा कणसुद्धा मिळायचा नाही. त्यातला ठेचा तेवढा त्यांना कळला आणि ते घाईघाईने उठून उभे राहिले. ह्या देशात घरच्या माणसांखेरीज कोणावर मी मराठीत चिडले, ती पहिलीच वेळ. बोलता बोलता मला रडू आलं.

त्यांनी आम्हाला बाहेर पाठवलं आणि खिडकी उघडून आत उभे राहिले. आम्ही पुन्हा ओरडलो, मुलाने दोन ठोके दिले आणि आम्ही कान लावून थांबलो.

"गोकुरोसामा," हान्चो-सान म्हणाले.