रविवारचा ताणा

माझी जयवंतामावशी उमरेडची, हातमागाच्या घरातली. तिला भेटायला सकाळी जाऊ नये, कारण सकाळी ती बोलत नाही, ओरडते. तेव्हा गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढऱ्या सुताचा ताणा बांधलेला असतो, त्याला तांदळाची खळ लावलेली असते, आणि मावशी नि रुपरावमावसा दोन बाजूंनी त्यावर कुंचा फिरवत चालत असतात. याला पांजणी म्हणतात. खळ वाळायच्या आत सूत मोकळं झालं नाही, तर पुढे मागावर धागा सारखा तुटतो. म्हणून ताणा लागला की त्या गल्लीतून कुणी जात नाही. वरातसुद्धा मागच्या गल्लीनं वळसा घालते. मी एकदा स्कूटी आत घातली होती, तेव्हा भाचीबिची काही न बघता तिनं माझा जो उद्धार केला, तो तिथं अजून सांगतात.

गेल्या पावसाळ्यानंतर नागपूरकडे जाणारा मोठा रस्ता सिमेंटचा करायला घेतला आणि खाणीतले कोळशाचे ट्रक या वस्तीवरून वळवले. ते थेट गल्लीच्या तोंडावरून जातात. ओल्या सुताला बसलेली काळी धूळ काही केल्या निघत नाही. लागोपाठ दोन ताणे राखाडी झाले. सूत सीताबर्डीच्या एका व्यापाऱ्याचं. त्याचा माणूस श्रीधर साड्या न्यायला आला, त्यानं कापडावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मावशी, पांढरं सांगितलं होतं ना." पुढचाही असाच निघाला तर मालक सूत देणार नाहीत, हेही तो खाली मान घालून सांगून गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं, मावशीला भांडता तरी आलं असतं.

तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. गल्लीच्या तोंडाशी जुन्या साड्यांचा पडदा बांधून झाला, रस्त्यावर पाणी शिंपडून झालं. मी म्हटलं, तक्रार कर, सगळ्या बायका मिळून रस्ता अडवा. ती माझ्यावरच उखडली. "कोणाले अडवू वं? मायाच पोरगा आहे त्या ट्रकावर!"

जितेंद्र, तिचा मुलगा, कंत्राटदाराचा ट्रक चालवतो. मावसाच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्या पगारातूनच झालं, घरावर स्लॅबही त्यातूनच टाकला. मागावर आता घर चालत नाही हे मावशीला पक्कं ठाऊक आहे. पण माग बंद पडला तर आपण कोण, हेही तिला सुचत नाही. मला तर संताप येतो. नागपूर वाढतंय म्हणून आम्ही तिकडे खूश, याच कोळशाच्या विजेवर मॉलमध्ये भरदुपारी दिवे, रामदासपेठेतल्या माझ्या ऑफिसात एसी इतका की शाल घेऊन बसावं लागतं. आणि इथं ही बाई आभाळाकडे नाही, रस्त्याकडे बघून दिवस ठरवते.

तिसरा ताणा रविवारी लावायचा ठरला, कारण रविवारी ट्रक बंद असतात. मी मुद्दाम आदल्या दिवशीच गेले होते. पांजणी अर्ध्यावर आली आणि हॉर्न ऐकू आला. कुठल्याशा वीजकेंद्रात कोळसा कमी पडला होता, म्हणून त्या रविवारी ट्रक सोडले होते. पहिला ट्रक जितेंद्रचा. त्याला ताणा दिसला. त्यानं ट्रक थांबवला आणि इंजिनच बंद केलं.

मागे रांग लागली, हॉर्नचा नुसता गदारोळ. मुकादम मोटरसायकलवरून आला. "अबे, गाडी काढतं का नाही? नसन काढत तर चावी दे आन् घरी जाय. दुसरे लय आहेत लाइनीत."

जितेंद्र स्टिअरिंग धरून बसला होता. खरंच चावी देतो की काय, असं मला वाटलं.

"थोडंच राहिलं वं," मावसा हळूच म्हणाला, "वाळून राहिलं."

मावशीनं कुंचा खाली ठेवला आणि ती रस्त्यावर गेली.

"काहून थांबला गा?"

"आई, ताणा ओला आहे."

"मले दिसून राहिलं. काढ गाडी."

"आई..."

"काढ म्हणलं ना!"

त्यानं ट्रक काढला. त्याच्यामागून सगळे गेले. धूळ गल्लीत शिरली आणि सावकाश सुतावर बसली. मावशीनं परत कुंचा घेतला आणि ताणा शेवटपर्यंत पांजून काढला. मावसा म्हणाला, "आता कायले वं?" तिनं कुंचा धुऊन ठेवला.

संध्याकाळी जितेंद्र आला. हातपाय न धुता त्या काळवंडलेल्या सुताजवळ उभा राहिला.

"आई, मी थांबलो होतो," तो म्हणाला.

"तू थांबला, म्हणूनच तं मले भेव लागलं," मावशी म्हणाली. मग तिनं त्याचं ताट वाढलं आणि त्याचं जेवण होईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली.