रुस्टेनबर्गच्या नळावर

"घे, हेही तूच धुऊन टाक. तुमच्या लोकांचा ह्या कामात हात बसलेला असतो."

श्रीरंगदादा हे मराठीत म्हणाले. हसत हसत. पायातले चिखलाने माखलेले गमबूट काढले आणि माझ्या पायांशी सरकवले.

दक्षिण आफ्रिकेतलं रुस्टेनबर्ग. प्लॅटिनमच्या खाणीचं शहर. आम्ही नुकतेच जमिनीखालून वर आलो होतो. खाणीच्या लिफ्टमधून, म्हणजे पाळण्यातून, बाहेर पडलं की समोर नळांची रांग, प्रत्येक नळाशी एक ब्रश. आपापले बूट घासायचे आणि मगच कपडे बदलायला जायचं, असा तिथला रिवाज. आपापले. खाणीचा मोठा साहेब, गोरा माणूस, कंबरेत वाकून स्वतःचे बूट घासत होता. आमच्याबरोबर मिशिगनहून आलेले दोघे अमेरिकन घासत होते. खाणकामगार घासत होते. मोज्यांवर उभे होते ते फक्त आमचे श्रीरंगदादा.

मी धुतले. माझे धुतले, त्यांचेही धुतले. वर हसलेसुद्धा. कोणाला काही वेगळं वाटू नये म्हणून.

आता मी त्याला एकेरीतच बोलणार आहे. दादा-बिदा संपलं.

हा श्रीरंग माझा मॅनेजर. मिशिगनमधल्या नोव्हायला आमची कंपनी गाडीच्या सायलेन्सरआधी बसणारा डबा बनवते. धुरातलं विष मारणारा. त्या डब्यात प्लॅटिनम लागतं, ते ह्या खाणीतून येतं, म्हणून आमची टीम खाण बघायला गेली होती. माझ्या ग्रीन कार्डसाठी कंपनीत शिफारस त्याची. त्याने मान हलवली तर मी अमेरिकेत, नाहीतर बॅग भरून परत. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. म्हणून मी हसायची.

आधी तो चांगला वागायचा. नोव्हायला माझ्या नव्या अपार्टमेंटमध्ये जेवायला आला तोपर्यंत. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो बघितला. जेवला, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. त्यानंतर मराठी लोकांच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणाला पुरणपोळी, कुणाला मसालेभात, कुणाला कोशिंबीर. मला पेपर प्लेट्स आणि बर्फ. दर वेळी. "अगं, तू एकटी राहतेस, तुला कशाला त्रास!" किती ती काळजी!

आणि ऑफिसात टोमणे. कायम मराठीत, कायम हसत, कायम दहा जणांसमोर. प्रमोशन झालं तेव्हा, "तुमचं बरं असतं, इथेही कोटा काढलात." बाकीच्यांना वाटायचं, दोन गाववाले गप्पा मारताहेत. कुणी विचारलंच तर हा सांगायचा, आमच्याकडचा जुना जोक आहे, भाषांतर होत नाही.

माझे बाबा चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत होते. तिथेही खाण, तिथेही डोंगर, तिथेही शेजारी जंगल. रुस्टेनबर्गला उतरल्यावर मला क्षणभर आपण गावीच आलो असं वाटलं होतं. आमच्या आज्याने गावात मोठ्यांच्या वहाणा उचलल्या होत्या. बाबा गाव सोडून खाणीत शिरले ते तेवढ्यासाठी. पाळी संपवून घरी आले की बूट स्वतः धुवायचे. आईने हात पुढे केला की ओरडायचे. "माझ्या पायातलं मी धुणार. आणि माझी पोरगी कुणाच्या पायातलं धुणार नाही." हे मी लहानपणापासून ऐकत आले. त्या नळावर त्याचा चिखल माझ्या नखांत गेला तेव्हा मला बाबांचा आवाज ऐकू आला. तरी मी घासत राहिले. एवढी भीती बसली होती मला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. डोंगराच्या पलीकडे अभयारण्य आहे, तिथे आम्हाला नेलं. उघडी जीप. वाळकं गवत, दूरवर हत्ती. श्रीरंग पुढे बसून फोटो काढत होता. माझ्या शेजारी नालेदी. ती खाणीतली सेफ्टी ऑफिसर, आदल्या दिवशी आम्हाला खाली घेऊन गेलेली. माझ्याच वयाची असेल. तिने हळू आवाजात विचारलं, "व्हॉट डिड ही से? काल नळावर?"

"जोक होता," मी म्हणाले.

ती म्हणाली, तिची आई गोऱ्या शेतमालकाच्या घरी स्वयंपाक करायची. ते लोक टेबलावर बसून त्यांच्या आफ्रिकान्स भाषेत आईबद्दलच बोलायचे आणि हसायचे. त्यांना वाटायचं हिला काय कळतंय. आईला शब्द न् शब्द कळायचा. खाली मान घालून वाढायची आणि घरी येऊन मुलांना तो शब्द न् शब्द सांगायची.

"आई गप्प बसली, कारण घरात आम्ही पाच तोंडं होतो," नालेदी म्हणाली. "तू कुणासाठी गप्प आहेस?"

हत्ती रस्ता ओलांडून गेले, सगळ्यांनी फोटो काढले. मी हातांकडे बघत बसले होते. नखांत अजून थोडा चिखल होता. आणि मला राग आला. आधी स्वतःचा, मग त्याचा. स्वतःचा गेला. त्याचा राहिला, तो आजही आहे.

नोव्हायला परतल्यावर त्याने ऑफिसात सगळ्यांना ट्रिपचे फोटो दाखवले. कॉन्फरन्स रूम गच्च भरलेली. आमची डायरेक्टर, एक अमेरिकन बाई, पहिल्या खुर्चीवर. पडद्यावर डोंगर आले, गेंडा आला, हत्ती आले. मग मी आले. नळाखाली वाकलेली, हातात ब्रश, समोर बुटांचे दोन जोड. हा फोटो त्याने कधी काढला होता कोण जाणे. "टीम स्पिरिट!" तो इंग्रजीत म्हणाला. लोक हसले. मग माझ्याकडे वळून मराठीत, "बघ, कशी शोभतेस. घराण्याचा वारसा."

डायरेक्टरने हसतच विचारलं, "व्हॉट डिड ही से?"

"ओह, इट्स अ मराठी जोक," तो म्हणाला.

मी उभी राहिले. म्हणाले, भाषांतर होतं. मी करते.

आणि केलं. आत्ताचं वाक्य. मग नळावरचं. मग कोट्याचं. एकेक वाक्य आधी मराठीत जसंच्या तसं, त्याच्याच सुरात, आणि मग इंग्रजीत. 'तुमचे लोक' म्हणजे कोण, आमच्या आज्याला काय करावं लागलं, हेही सांगितलं. मधे कुठेही थांबले नाही. पडद्यावर मी तशीच वाकलेली होते. श्रीरंगच्या तोंडावरचं हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना. सांगते, मला तो क्षण फार आवडला. अजूनही आठवून आवडतो.

त्याच दुपारी मी लेखी तक्रार दिली. चौकशी लागली. त्याला घरी बसवलं. माझ्या ग्रीन कार्डचं काय होणार, ते वकीलही सांगू शकत नव्हता.

मग रविवारी तो माझ्या दारात. बाहेर बर्फ. बरोबर त्याची मुलगी, अनन्या. कॉलेजात आहे, इथेच जन्मलेली, मला मावशी म्हणते. मुलीसमोर मी तोंड उघडणार नाही असा त्याचा हिशेब असावा. दोघांनी बूट दारात काढले. तो सोफ्याच्या कडेवर बसला. खालच्या आवाजात, मराठीत बोलू लागला.

"चुकलं माझं. माफी मागतो. पण हे आपल्या आपल्यातलं आहे ना? गोऱ्यांसमोर आपणच आपली लक्तरं कशाला? तक्रार मागे घे. तुझ्या ग्रीन कार्डचं मी बघतो."

मी म्हणाले, "अपमान चारचौघांत आणि माफी सोफ्यावर?"

"मग काय करू, सांग."

"ऑफिसात सगळ्यांसमोर उभा राहा. नळावर काय म्हणालास, ते तुझ्या तोंडाने इंग्रजीत सांग. मग माफी माग."

त्याने मान खाली घातली. अनन्याला सगळं मराठी समजत नव्हतं, पण एवढं समजलं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मावशी, व्हॉट डिड ही से? बाबा म्हणतो इट वॉज जस्ट अ मिसअंडरस्टँडिंग."

"श्रीरंग, तू सांगतोस की मी सांगू?"

"नको," तो म्हणाला. "प्लीज. तिला नको."

ही पोर माझी कुणी वैरीण नव्हती. तिच्या तोंडाकडे बघून गप्प बसावं असं एकदा वाटलं. पण आमच्या घरात मुलांना हे कळायला कॉलेजपर्यंत थांबावं लागलं नव्हतं. मी सांगितलं. एकही शब्द न गाळता.

अनन्या उठली. बापाशी बोलली नाही. दारात जाऊन बूट घातले आणि गाडीत जाऊन बसली.

तो मागोमाग निघाला. दारात त्याचे बूट पडले होते. वितळलेल्या बर्फाचं घाण पाणी, रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग. तो खाली बसला. नाडी बांधता येईना. त्याने एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी जागची हलले नाही. हाताची घडी घालून बघत राहिले, शेवटची गाठ बसेपर्यंत.

लोक मला सांगतात, तुला न्याय हवाय असं म्हण, सूड म्हणू नकोस, बरं दिसत नाही. मला सूडच हवाय. पुढच्या आठवड्यात चौकशीची बैठक आहे. त्याच टेबलाला तो असेल, मी असेन. दुभाषी लागेल का, असं त्यांनी विचारलं होतं. मी कळवलंय, लागणार नाही. ग्रीन कार्ड जायचं तर जाऊ दे, चंद्रपूरला माझं घर आहे. पण त्याआधी त्याचं एकेक वाक्य मी त्या खोलीत ठेवणार आहे, आणि तक्रारीतला एक शब्दही मागे घेणार नाही.