दाऊद अंकलचा गुरुवार

रोझचा फोन आला तेव्हा मी ट्रेनमध्ये होते. "डॅड गेले," एवढंच ती म्हणाली. वॉटफर्ड येईपर्यंत मी फोन तसाच हातात धरून बसले...

रोझचे वडील दाऊद अंकल आमचे शेजारी. बगदादचे ज्यू. तरुणपणी देश सोडावा लागला, काही वर्षं मुंबईत भायखळ्याला काढली आणि मग इथे लंडनजवळ आले. त्यामुळे माझ्याशी ते हिंदीतच बोलत. कानून नावाचं वाद्य वाजवायचे. आपल्या स्वरमंडळासारखं, मांडीवर घेऊन नखीने छेडायचं. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचे बगदादपासूनचे मित्र नाजी अंकल व्हायोलिन घेऊन येत आणि दोघं तिकडच्या जुन्या अरबी बंदिशी वाजवत. पूर्वी पाच जण होते म्हणे. एकेक जण गेला, तशा त्याला एकट्यालाच येणाऱ्या बंदिशीही गेल्या.

लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले त्या उन्हाळ्यात लोकांच्या आमच्यासारख्यांकडे बघण्यात फरक पडला. एका गुरुवारी मी त्यांच्याकडे ऐकत बसले होते. बाहेर गाडी थांबली, कुणीतरी अरबांच्या नावाने शिवी हासडली आणि खिडकीची काच फोडून वीट आत आली. नाजी अंकलनी व्हायोलिन पोटाशी धरलं. दाऊद अंकल खाली मान घालून कानूनच्या तारांतून काचा वेचत राहिले.

"बगदादला आम्ही ज्यू म्हणून खिडक्या लावून घ्यायचो," ते म्हणाले. "इथे गाणं अरबी म्हणून."

"डॅड, प्लीज, आता हे थांबवा," रोझ म्हणाली. पुढच्या गुरुवारी अंकलनी नवी काच बसवलेली खिडकी सताड उघडली आणि वाजवायला बसले. माझे कान मात्र रस्त्याकडे. येणारी प्रत्येक गाडी दारापाशी हळू होतेय असं वाटे.

"अंकल, भीती नाही वाटत?"

"वाटते ना, बेटी. पण बंद खिडकीमागे बालपण गेलं. म्हातारपण नाही घालवायचं."

त्या दिवशी काही झालं नाही, नंतरही नाही. पण शेवटपर्यंत, बाहेर गाडी थांबली की त्यांची बोटं तारांवर क्षणभर अडकायची...

अंकलना जाऊन आता दीडेक महिना झाला. नाजी अंकल अजूनही गुरुवारी येतात. रोझ चहा ठेवते, मीही जाऊन बसते. ते एकटेच वाजवतात. कानूनची जागा आली की गज थांबवतात, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तेवढा वेळ जाऊ देतात आणि पुढचं उचलतात. परवा मात्र गज थांबला तो थांबलाच. त्यांनी मान वर केली, रोझकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढची ओळ त्यांना आठवत नव्हती. आणि ती सांगू शकेल असं त्या खोलीत कुणीच नव्हतं.